आतल्या खोलीतले वादक

१

सयाजीचा राग गंगावेशीत सगळ्यांना ठाऊक होता. वरातीत कुणी झिंगून त्याच्या वाजवणाऱ्यांच्या अंगावर आला, की हा चालू गाणं तिथंच तोडायचा. क्लॅरिनेट बगलेत मारून नवरदेवाच्या बापासमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "पावणं, आदी तुमचं माणूस आवरा. मग वाजवतो." वयाच्या एकसष्टाव्या वर्षीही त्यात फरक पडला नव्हता.

पण त्याचा सगळ्यात जुना राग होता तो कधीच न पाहिलेल्या माणसावर. आपल्या आज्यावर, पिराजीवर.

पिराजी क्लॅरिनेट वाजवायचा. सयाजीचा बाप सहा महिन्यांचा होता तेव्हा, ऐन लगीनसराईत, तो घरातनं गेला तो गेलाच. लोक म्हणाले, मुंबईला पळाला. हॉटेलातल्या विलायती बँडमध्ये लागला. बाई ठेवली. त्याच्या बायकोला सगळी आळी आक्का म्हणायची. तिनं लोकांची धुणी धुवून पोर वाढवलं. त्या पोराला शाळेत 'पळपुट्याचा' अशी हाक मारायचे. आक्कानं मरेपर्यंत कुंकू लावलं आणि मरेपर्यंत नवऱ्याला शिव्या घातल्या.

पिराजीचं म्हणून घरात एवढंच उरलं होतं: कुठलीही चाल संपवताना तो शेवटचा सूर वर धरून ठेवायचा, मग तीन पायऱ्या उतरल्यागत खाली यायचा. आक्का भांडी घासताना ते गुणगुणायची, दात खात. तिच्याकडनं ते सयाजीच्या बापानं उचललं, बापाकडनं सयाजीनं. कोल्हापुरात दुसरं कुणी तसं संपवत नव्हतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात विद्याश्रीचा फोन आला. ही कागलच्या एका लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी. पुण्यात ध्वनिमुद्रण शिकून आली होती आणि राजारामपुरीत तिचा स्वतःचा छोटा स्टुडिओ होता. सयाजीनं तिच्याकडं दोन-तीनदा वाजवलं होतं.

"काका, उद्या दहाला याल का? एक जुनं रीळ सापडलंय. क्लॅरिनेट परत वाजवून पाहिजे."

२

रीळ राजवर्धन नावाच्या माणसाचं होतं. जुनं, बडं घर. त्याचा आजा अमरसिंह यानं १९३४ साली, बोलपट नुकते आले होते तेव्हा, हौसेनं एक अकरा मिनिटांचा बोलपट काढला होता. गोष्ट नाही, गाणं नाही. नुसता विलायती नाचाचा बँड. इंग्लंड-अमेरिकेतनं तेव्हा असल्या फिल्मा यायच्या, त्या बघून. आणि क्लॅरिनेट हातात धरून मधोमध उभा होता तो अमरसिंह स्वतः.

येत्या रविवारी ते रीळ दाखवायचा मोठा कार्यक्रम होता. पत्रिकेवर छापलं होतं, 'करवीरचा पहिला जॅझ वादक'.

विद्याश्रीनं ते पडद्यावर लावलं. सयाजी बघत राहिला. मागं पडद्याचं कापड, कुंड्यांतली ताडाची झाडं, पांढरे कोट घातलेली सहा देखणी माणसं. केस चापून बसवलेले. समोर चार जोडपी नाचत होती. आवाजावर खरखरीचा थर होता, पण खाली चाल ठसठशीत होती. उड्या मारणारी, मधेच मुद्दाम लंगडणारी. क्लॅरिनेट तर असं पळत होतं की सयाजीची बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली.

"ह्यो वाजवत न्हाय," सयाजी म्हणाला.

"कोण?"

"अमरसिंह. बोटं बघ की. सूर खाली आलाय, आणि ह्याची बोटं वरच."

विद्याश्री हसली. "बरोबर हाय काका. डब्यातल्या कागदावर लिहिलंय." तिनं पिवळा कागद पुढं केला. त्यावर मोडीत नाही, चक्क बाळबोध अक्षरांत होतं: वादक तिघे, आतल्या खोलीत. "वाजवणारे वेगळे, दिसणारे वेगळे. वाजवणाऱ्यांना मागच्या खोलीत बसवायचे. भिंतीला गाद्या, दाराला गाद्या, बाहेरनं कडी. म्हणजे मधेच कुणी दार उघडायला नको आणि आवाज फुटायला नको. मे महिन्यात बिचाऱ्यांचं काय झालं असेल!"

"देखणी नसतील," सयाजी म्हणाला. हे त्याला नवीन नव्हतं. लग्नाच्या व्हिडिओत त्याच्या बँडचे पाय तेवढे दिसायचे.

मग त्याला दुसरी गोष्ट दिसली. चौथ्या मिनिटाला चित्रातला ड्रमवाला काठ्या ठेवून रुमालानं कपाळ पुसत होता. आणि ठोका चालू होता. ठप, ठप ठप, ठप.

"तोही आतलाच," विद्याश्री म्हणाली.

"ते कळलं. पण ह्यो ठोका चालीत न्हाय." त्यानं परत लावायला सांगितलं. "आणि ह्यो कातड्याचा आवाज न्हाय. लाकडाचा हाय."

३

बारा वाजता चहा आला, पण दोघांनीही घेतला नाही. सयाजी हेडफोन लावून शेवटची दोन मिनिटं परत परत ऐकत होता.

क्लॅरिनेट वाजवणारा श्वास घेत नव्हता.

सयाजीनं आधी स्वतःलाच समजावलं. सनईवाले गाल फुगवून, नाकानं श्वास ओढत सूर तुटू न देता वाजवतात. क्लॅरिनेटवरही जमतं कुणाला. पण मग नाकाचा फुसकारा तरी यायला पाहिजे. इथं काहीच नव्हतं. अकरा मिनिटं एकसंध वारा. जसं कुणी वाजवतच नव्हतं, नुसता वाराच नळीतनं वाहत होता.

मग शेवट आला. क्लॅरिनेटनं वरचा सूर धरला. धरून ठेवला. आणि तीन पायऱ्या उतरून खाली आलं.

सयाजीनं हेडफोन काढून टेबलावर आपटले.

"काय झालं?" विद्याश्री दचकली.

"त्या कागदावर तारीख काय हाय?"

"मे १९३४. चौदा तारीख."

सयाजी उठून खिडकीशी गेला. खाली रस्त्यावर दुपारची वर्दळ होती, कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. त्याच्या बापाचा जन्म १९३३ च्या नोव्हेंबरातला. सहा महिने.

"माझा आजा हाय तो," तो खिडकीकडंच तोंड करून म्हणाला. "मुंबईला पळाला म्हणत्यात त्याला. नव्वद वर्सं झाली. माझ्या आजीनं त्याच्या नावानं शिव्या दिल्या. माझ्या बापानं दिल्या. म्या दिल्या." त्याचा आवाज चढला. "आणि ह्यो हितं! दुसऱ्याच्या थोबाडाला वाजवतोय!"

"काका, त्या दिवशी वाजवून नंतरही गेले असतील की मुंबईला."

तिचं म्हणणं खरंही असू शकत होतं. सयाजीनं मान हलवली, पण त्याचं लक्ष टेबलावर उलट्या पडलेल्या हेडफोनकडं होतं. रीळ संपलं होतं. पण हेडफोनमधनं अजून बारीक आवाज येत होता. ठप. ठप ठप.

४

विद्याश्रीनं त्याला चित्राच्या कडेची पट्टी दाखवली. जुन्या फिल्मांत आवाज तिथंच छापलेला असायचा, काळ्या-पांढऱ्या करवतीच्या दातांसारखा. आवाज नसेल तिथं रेघ सरळ.

"चित्र संपलं इथं. हे बघा, सगळे वाकून नमस्कार करतायत. इथनं पुढं रेघ सरळ पाहिजे." तिनं बोट पुढं सरकवलं. दात होतेच. आधी उंच, मग लहान लहान होत गेलेले, मग एकदम खूप उंच. "चुकून यंत्र चालू राहिलं असेल."

"किती येळ?"

तिनं वही उघडली. मग म्हणाली, "काल मी मोजलं तेव्हा चाळीस सेकंद होतं. मी वहीत लिहिलंय. आज तीन मिनिटं हाय." तिनं चष्मा काढून पुसला. "चुकलं असेल माझंच. रीळ काय रात्रीत वाढतंय होय?"

तिनं क्लॅरिनेट आणि खरखर बाजूला काढून नुसता ठोका वेगळा केला आणि स्पीकरवर मोठा करून लावला. आता ते ड्रमसारखं जराही वाटेना. मुठीचा आवाज होता. एकाच्या नाही. एक मूठ दमायची, तेव्हा दुसरी सुरू व्हायची.

"चित्र सात मिनिटं वीसला थांबव," सयाजी म्हणाला.

त्या जागी अमरसिंह हसत होता, क्लॅरिनेट ओठाला टेकवून. मग त्याची नजर एक क्षण मागं वळली. कापडाच्या आड जिथं खोली असणार, तिकडं. त्यानं ऐकलं होतं. त्यात काही शंका नव्हती, माणसाच्या मानेवरनं कळतं. मग तो परत पुढं वळला आणि आधीपेक्षा मोठं हसला.

सयाजीनं पडद्यावरच्या त्या चेहऱ्याला अशी शिवी हासडली की विद्याश्रीनं मान खाली घातली.

५

चारच्या सुमारास राजवर्धन आला. पन्नाशीचा, गोरटेला, बोलण्यात मऊ. "काय मास्तर, जमतंय का?"

विद्याश्रीनं त्याला ठोका ऐकवला, पट्टी दाखवली, कागद दाखवला. सयाजीनं पिराजीचं सांगितलं, जमेल तेवढं शांतपणे. राजवर्धननं सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, वाईट वाटलं. खरंच. पण नव्वद वर्षांपूर्वीचं आता उकरून काय मिळणार? कोण काय सिद्ध करणार? आजोबा फार हळवे होते हो. आमच्या घरात दार वाजवायची चालच न्हाय. त्यांना खपायचं न्हाय. बाहेरनं हाक मारायची, असाच शिरस्ता." तो हे बोलून गेला आणि आपण काय बोललो ते त्याला कळलंही नाही. "विद्याश्री, तो ठोका काढून टाका. मास्तर, तुम्ही आजोबांच्या हालचालीवर स्वच्छ वाजवा. पाहिजे तर आभारात तुमचं नाव घालू."

सयाजीनं क्लॅरिनेटची पेटी उघडली. विद्याश्रीला वाटलं, तो आता ती राजवर्धनच्या डोक्यात घालतो. पण सयाजी म्हणाला, "वाजवतो की."

त्याला त्या आवाजाच्या जवळ जायचं होतं, एवढंच.

वाजवायचं बूथ म्हणजे चार बाय सहाची खोली, भिंतींना काळा फोम, एका बाजूला काच. काचेपलीकडं विद्याश्री पडद्याकडं तोंड करून बसलेली, शेजारी राजवर्धन. सयाजी आत गेला, दार मिटलं, बाहेरचं सगळं एकदम कापल्यासारखं थांबलं. त्यानं अजून हेडफोन लावले नव्हते.

ठप.

पाठीमागच्या भिंतीतनं. त्या भिंतीपलीकडं जिना होता, हे त्याला माहीत होतं. कुणीतरी चढत असेल. ठप ठप. मग उकडायला लागलं. वरचा एसी चालू दिसत होता, पट्ट्या हलत होत्या, पण अंगाला कढत वाफ लागत होती. आणि वास, जुन्या कापसाच्या गादीचा, घामानं भिजलेल्या. सयाजीनं श्वास ओढला. छातीत काही गेलं नाही. परत ओढला.

तो दाराशी गेला. दाराची मूठ फिरवली. दार हललं नाही.

त्यानं काचेवर थाप मारली. विद्याश्रीची पाठ होती. राजवर्धन मात्र काचेकडंच बघत होता, डोळे अर्धवट मिटून, मान डोलवत. बोटांनी गुडघ्यावर ताल धरलेला. सयाजी ओरडला. स्वतःचं ओरडणं त्याला फोममध्ये मुरून गेल्यासारखं ऐकू आलं. तो दारावर दोन्ही मुठी मारायला लागला. त्याच्या शेजारी, दोन्ही बाजूंना, आणखी मुठी दारावर पडत होत्या. त्यानं तिकडं बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही.

तेव्हा राजवर्धनची मान थांबली. त्याची नजर दाराकडं गेली. त्यानं ऐकलं होतं. सयाजीनं ते काचेतनं स्पष्ट पाहिलं. एक क्षण. मग राजवर्धन स्पीकरकडं वळला आणि मोठं हसला.

दार उघडलं ते विद्याश्रीनं, सहज, एका हातानं. सयाजी बाहेर कोलमडला.

"काका, काय वाजवलंत!" ती म्हणत होती. "सबंध अकरा मिनिटं! कुठंही श्वास..." मग तिला त्याच्या हाताची सालटं निघालेली दिसली. मग तिची नजर आत, स्टुलावर ठेवलेल्या क्लॅरिनेटकडं गेली. त्याच्या तोंडावरची टोपी अजून काढलेलीच नव्हती.

"तू ऐकलंस," सयाजी धापा टाकत राजवर्धनला म्हणाला.

"काय?" राजवर्धन म्हणाला. "कुठं काय?" आणि गाडीची किल्ली उचलून तो गेला.

 विद्याश्रीनं ते नवं वाजवणं पुसून टाकलं. "मी काही काढणार न्हाय आणि काही घालणार न्हाय," ती म्हणाली.  "रविवारी जसं हाय तसं लावणार. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे."

६

रविवारी सकाळी अकरा वाजता नवं सभागृह भरलं होतं. बांधून आठ वर्षंही झाली नसतील, खुर्च्यांना अजून नव्या रेक्झिनचा वास होता. विद्याश्री वर यंत्राच्या खोलीत, सयाजी तिसऱ्या रांगेत कडेला. पुढच्या रांगेत राजवर्धन, पाहुणे, हार.

दिवे मालवले. बँड सुरू झाला.

ठोका आला तेव्हा राजवर्धननं मान वळवून वरच्या खिडकीकडं पाहिलं. बाकी कुणाला काही वाटलं नाही. उलट लोक खूश झाले. मधल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं ठोक्यावर टाळी धरली. त्याच्या शेजारच्यानं धरली. बघता बघता अख्खं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं, ठप, ठप ठप, ठप, हसत, एकमेकांकडं बघत.

"टाळ्या बंद करा!" सयाजी उभा राहून ओरडला. "बंद करा म्हणतोय! ढोल न्हाय त्यो! माणसं हायती आत! दार ठोकाय लागल्यात!"

टाळ्या विस्कटल्या. कुणी म्हणालं, "बसा हो मामा." राजवर्धननं माइक घेतला. "आमचे मास्तर जरा भावुक झालेत. जुनं संगीत असंच असतं." लोक हसले. सयाजीच्या कानशिलाची शीर उडत होती. कितीतरी लग्नांत त्याला असंच हसण्यावारी नेलं होतं, पण आज त्या हसण्यात पिराजी होता.

चित्र संपलं. सहा पांढरे कोट वाकले. पडदा पांढरा झाला, दिवे लागले. विद्याश्रीनं यंत्र बंद केलेलं सयाजीला खालनं दिसलं. तिनं दोन्ही हात वर करून त्याला दाखवले.

ठोका चालू होता.

आता तो स्पीकरमधनं येत नव्हता. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला सामान ठेवायच्या खोलीचं दार होतं, बाहेरनं बोल्ट लावलेलं. तिथनं येत होता. पुढच्या दोन-तीन रांगा गप्प झाल्या. राजवर्धननं तिकडं पाहिलं, आणि घसा साफ करून माइकमध्ये म्हणाला, "आता सत्काराचा कार्यक्रम. चालू ठेवा, चालू ठेवा."

सयाजी गेला. कुणी अडवलं नाही. त्यानं बोल्ट सरकवला आणि दार ओढलं.

ठोका थांबला. आत रचलेल्या खुर्च्या, गुंडाळलेला बॅनर, एक मोडका पंखा. माणूस नव्हतं. फक्त उकाडा होता, भट्टीचं तोंड उघडल्यासारखा, आणि कापसाचा तो वास. मग त्याचं लक्ष दाराच्या आतल्या बाजूकडं गेलं. नव्या कोऱ्या दाराचं लाकूड छातीच्या उंचीवर झिजलं होतं. मुसळ वर्षानुवर्षं आपटून उखळ खोल व्हावं तसा तिथं गुळगुळीत, काळपट खळगा पडला होता. त्यात हाताची मूठ नीट बसली असती.

दार आपोआप मिटायला लागलं. सयाजी उंबऱ्यात खाली बसला आणि पाठीनं त्यानं ते अडवून धरलं.

पहिला त्याच्या गुडघ्यावरनं गेला. दिसलं काही नाही, कढत वारा घासून गेला एवढंच. मागच्या मोठ्या दाराचा पडदा हलला आणि परत पडला. दुसरा तसाच गेला.

तिसरा थांबला. सयाजीनं मान वर केली नाही. आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या त्याच्यासमोर काय तोंडानं बघायचं?

"आज्या," तो हलकेच म्हणाला, "चुकलं आमचं. सगळ्यांचं चुकलं. चल घरला."

वारा त्याच्या खांद्याला लागून पुढं सरकला. पण मोठ्या दाराकडं नाही. व्यासपीठापासून पहिल्या रांगेपर्यंत लाल गालिचा होता. त्याची लव एका जागी दबली. मग पुढच्या जागी. घाई नव्हती. पावलं पहिल्या रांगेच्या मध्याकडं निघाली होती, जिथं राजवर्धन तिकडं पाठ करून पाहुण्यांसमोर हात जोडून उभा होता.

वर विद्याश्री काचेशी उभी राहिली होती. तिनं तोंडावर हात ठेवला.

सयाजीनं ओरडायला तोंड उघडलं. राजवर्धननं हारासाठी मान वाकवली.

सयाजीनं तोंड मिटलं.